फायबरच्या होडीस रंग द्यावा कीं जेलकोट?

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं घरें खाडीच्या किंवा समुद्राच्या कांठीं आहेत, त्यांस फायबरची होडी नवी नाहीं. लांकडी होडी बांधणाऱ्या सुताराची कला अद्यापि जिवंत आहे. तथापि लहान होड्यांच्या बाबतींत फायबरनें तिची बरीच जागा घेतली आहे, हें कोंकणच्या कोणत्याही बंदरावर घटकाभर उभें राहिल्यास दिसून येईल. ही होडी कुजत नाहीं, आणि लांकूड पोखरणारा समुद्रांतील किडा तिच्या वाटेस जात नाहीं. एवढे गुण ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, तिला कसलीच निगा नको. दहा-बारा वर्षें उन्हांत व खाऱ्या वाऱ्यांत गेलीं म्हणजे ही समजूत आपोआप दूर होते. होडीची तकाकी जाते, हात फिरविला असतां तळहातास खडूसारखी भुकटी लागते, कोठें कोठें बारीक भेगा दिसतात, आणि घरांत वाद सुरू होतो: रंग लावावा कीं पुन्हां जेलकोट द्यावा? रंगाचा दुकानदार एक सांगतो, फायबरचा कारागीर दुसरें सांगतो. पैसा मात्र घरचा जातो. आणि निवड चुकली तर एकाच हंगामांत पापुद्रे सुटून तो अक्षरशः पाण्यांत जातो. म्हणून या प्रश्नाचा विचार मुळापासून करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम फायबर म्हणजे काय तें पाहूं. कांच वितळवून तिचे केसाहूनही बारीक तंतू काढतात. त्यांची चटई किंवा जाडें विणलेलें कापड करून तें पॉलिएस्टर नांवाच्या राळेंत भिजवितात व थरावर थर बसवितात. राळ घट्ट झाली म्हणजे होडीचें अंग तयार होतें. सिमेंट-काँक्रीटमध्यें लोखंडी सळई जें काम करते, तेंच येथें कांचतंतू करतात. ओढ तंतू सोसतात, आणि राळ त्यांस जागच्या जागीं धरून ठेवते. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील टोलीडो शहरीं रे ग्रीन या गृहस्थांनीं १९४२ सालीं या पदार्थाची होडी बनविली. या जातीच्या अगदीं पहिल्या होड्यांत तिची गणना होते.

आतां जेलकोटाकडे वळूं. ज्यांनीं घरांत साच्याचे मोदक होतांना पाहिले आहेत, त्यांस हें समजण्यास अडचण पडणार नाहीं. साच्याला आंतून तूप लावतात, मग उकडीची पारी चेपून बसवितात, आणि शेवटीं सारण भरतात. मोदकाच्या अंगावर ज्या सुबक कळ्या दिसतात, त्या करणाराच्या बोटांनीं उमटलेल्या नसतात. साच्यानें दिलेल्या असतात. होडीचेंही असेंच आहे. आरशासारख्या घोटलेल्या साच्याला प्रथम मेण लावतात. त्यावर रंगाची पूड मिसळलेल्या दाट पॉलिएस्टर राळेचा सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात, हाच जेलकोट. तो आळला म्हणजे त्याच्या पाठीवर कांचतंतूंचे थर चढवितात. सारांश, नव्या होडीचा जेलकोट हा होडीवर लाविलेला नसतो. होडीच त्याच्यावर घडविलेली असते. आणि तिची तकाकी ही जेलकोटाची नव्हे, साच्याची देणगी असते.

हें एक वाक्य नीट ध्यानांत आलें कीं अर्धा वाद मिटतो. जुन्या होडीवर आपण जेलकोट देऊं लागतों तेव्हां साचा कोठेंच नसतो. कुंचल्यानें किंवा फवाऱ्यानें दिलेला थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. साच्यानें फुकट दिलेली तकाकी आतां मनगटाच्या जोरानें मिळवावी लागते. शिवाय या राळेस आणखी एक खोड आहे. हवेंतील प्राणवायूमुळें तिचा वरचा पापुद्रा आळत नाहीं, चिकट राहतो. साच्यांत तें तोंड साच्याकडे असल्यामुळें ही अडचण येत नाहीं. उघड्यावर मात्र येते. म्हणून शेवटच्या हातांत राळेंत मेणाचें द्रावण मिसळतात. तें मेण वर तरंगून येतें आणि हवेस अडवितें. उलट तेलाच्या साध्या इनॅमल रंगास सुकण्यासाठीं हाच प्राणवायू लागतो. एका डब्याला जें औषध, तें दुसऱ्याला विघ्न! विज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं हा विरोध लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

रंगाचें स्वरूप अगदीं निराळें. त्याचा थर पातळ असतो. दोन किंवा तीन हात मिळून सुकल्यावर मिलिमीटरचा दहावा भाग, फार तर थोडा अधिक. तो आपला आपण सपाट होतो व चमकतो, घोटावा लागत नाहीं. बाजारांत त्याच्या मुख्यतः दोन जाती मिळतात. एक, डबा उघडून सरळ लावण्याचा इनॅमल. हा स्वस्त व सोपा, परंतु समुद्रावरच्या उन्हांत लवकर फिका पडतो. दुसरी, दोन डब्यांची. त्यांत रंग व हार्डनर ठराविक प्रमाणांत मिसळले म्हणजे रासायनिक क्रिया होऊन कठीण पॉलियुरेथेन तयार होतें. हा रंग महाग खरा, परंतु उन्हास तोंड देण्यांत तो जेलकोटाहूनही सरस ठरतो, व त्याची चमक पुष्कळ वर्षें टिकते.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें पहिला प्रश्न रंग कीं जेलकोट हा नाहींच. होडीस यांपैकीं कशाची खरोखर गरज आहे काय, हा पहिला प्रश्न. निस्तेज भागावर ओला हात फिरवावा. ओला असतांना मूळचा रंग खुलून दिसला, तर जेलकोट मेलेला नाहीं, त्याची वरची कातडी मात्र करपली आहे, असें समजावें. अशा होडीस बारीक कांचकागदानें पाणी लावून घांसून, घोटण्याच्या लेपानें घोटून मेण दिलें, तरी ती पुष्कळदां दोन-तीन वर्षें चांगली दिसते. यांत खर्च थोडा, कष्ट अधिक. अर्धा मिलिमीटर जाड थरांतून दर वेळीं थोडीशी कातडी जाते, म्हणून हा उपाय अनेकदां करतां येतो. परंतु घांसतां घांसतां खालच्या कांचतंतूंची जाळी दिसूं लागली म्हणजे तो संपला. उघडे पडलेले तंतू दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी आंत ओढतात. तेथें चालढकल करूं नये.

दुसरा प्रश्न भेगांचा. जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक भेगा दिसल्या कीं लोक त्यांवर रंगाचा जाड हात मारतात, आणि पुढच्या हंगामांत त्याच भेगा त्याच जागीं उमटतात. त्याचें कारण उघड आहे. अशा भेगा बहुधा धक्क्यानें किंवा तेथील फायबर वरचेवर लवत असल्यामुळें पडतात. लवणें थांबलें नाहीं तर वर जेलकोट असो कीं रंग असो, तो तडकणारच. आधीं आंतून मॅटचे थर देऊन ती जागा मजबूत करावी, भेग चरासारखी खोदून भरावी, आणि मग वरच्या पोशाखाचा विचार करावा.

पाण्याखालच्या भागावर फोड दिसले तर प्रकरण याहून गंभीर असतें. मनुका पाण्यांत टाकल्या असतां फुगतात, हा प्रयोग शाळेंत सर्वांनीं केलेला असतो. जेलकोटांतूनही पाणी अगदीं सावकाश आंत झिरपतें, आंतील विद्राव्य द्रव्यांशीं मिळून आम्लद्रव बनतो, आणि त्याच नियमानें अधिक पाणी आंत खेंचलें जाऊन फोड वर येतो. गोड्या पाण्यांत ही क्रिया खाऱ्या पाण्यापेक्षां जलद होते. असा फोड फोडला तर पुष्कळदां सिरक्यासारखा वास येतो. त्यावर नुसता रंग देणें म्हणजे ओली भिंत चुन्यानें झांकणें होय. फोड उघडून, गोड्या पाण्यानें वरचेवर धुवून, होडी कित्येक आठवडे सुकूं द्यावी लागते, व नंतर एपॉक्सीचे पाणीरोधक थर द्यावे लागतात. होडी सुकली कीं नाहीं हें पाहण्याची घरगुती युक्ति अशी कीं, प्लास्टिकचा एक तुकडा तिच्या अंगावर चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें बंद करून उन्हांत दिवसभर ठेवावा. आंतून दंव धरलें तर अजून थांबावें.

एवढ्यानें शरीर निरोगी झालें असें धरून आतां कपड्याची निवड करूं. थोडें गणित करून पहावें. वीस फुटी होडीचा बाहेरील पृष्ठभाग १५ चौरस मीटर मानूं. अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट द्यावयाचा तर १५ ला ०.०००५ नें गुणून ०.००७५ घनमीटर, म्हणजे साडेसात लिटर माल लागतो, व होडीच्या वजनांत सुमारें ९ किलोंची भर पडते. त्यांतला कांहीं भाग घांसण्यांत जाणार, म्हणून विकत घेतांना अधिक घ्यावा लागतो. रंगाचा सुकलेला थर मिलिमीटरचा दहावा भाग धरल्यास दीड लिटर. रंगांतील निम्मा भाग उडून जाणारा द्रव मानला तरी तीन लिटर पुरतात. आणि मजुरी? जेलकोट सपाट व चकचकीत करण्यास २२० नंबरच्या कांचकागदापासून आरंभ करून ३२०, ४००, ६००, ८००, १००० असें चढत जावें लागतें, आणि शेवटीं घोटणें आहेच. सहा कागद म्हणजे सहा वेळां १५ चौरस मीटर. ९० चौरस मीटर, साधारण दोन वर्गखोल्यांच्या जमिनीइतकें क्षेत्र हातानें घांसावयाचें! सुटींत बापाला मदत करणाऱ्या मुलांच्या दंडांनीं याचें उत्तर द्यावें.

यावरून रंगच नेहमीं बरा असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ होड्या रोज वाळूवर ओढल्या जातात. वाळू हाच मुळीं कांचकागद. तिच्यापुढें मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा रंग किती दिवस टिकणार? अशा होडीच्या तळाला व कण्याला जेलकोटाचा जाड थरच शोभतो. आणि कणा झिजून तंतू दिसत असतील तर आधीं मॅटच्या पट्ट्या बसवून मग जेलकोट द्यावा. ओरखडा पडला तरी तेवढीच जागा घांसून जेलकोट भरतां येतो, हाही त्याचा मोठा गुण. लहान खरचटलें, एका ठिकाणीं टवका उडाला, बाकी अंग शाबूत आहे, तर तेथें जेलकोटच भरावा. सबंध होडी रंगविण्याची चैन करूं नये. मात्र जुना जेलकोट उन्हानें फिका झालेला असल्यामुळें नवा ठिगळ तंतोतंत जुळविणें फार कठीण जातें. पांढऱ्यांत तें खपून जातें, गडद निळ्यांत किंवा लालांत ठिगळ दुरूनही दिसतें.

होडीवर पूर्वीं एकदां रंग चढलेला असेल तर निवड बहुतेक झालीच म्हणावयाची. रंगावर जेलकोट धरत नाहीं. तो हवाच असेल तर सगळा रंग खरवडून मूळ थरापर्यंत जावें लागतें. जेलकोटावर रंग मात्र चांगला बसतो. त्याचप्रमाणें दुरुस्ती एपॉक्सीनें केली असेल तर तिच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट धरेल याचा भरंवसा नाहीं. तेथें रंग बरा. ज्या लांकडी होड्यांवर बाहेरून फायबर चढविलेलें असतें, त्यांचें लांकूड ओलाव्यानें फुगतें व आकसतें, आणि ताठर जेलकोटास तें मानवत नाहीं. तेथेंही रंगाकडेच आमचा कल आहे. आणि ज्यांस आपल्या होडीवर तीन रंगांचे पट्टे, कडेला वेलबुट्टी व पुढच्या टोंकास ठळक अक्षरांत नांव हवें आहे, त्यांनीं जेलकोटाचें नांवच काढूं नये. हौसेचा भाग सोडला तरी २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील मासेमारी नौका रंगाच्या खुणेवरून ओळखतां याव्यात अशी व्यवस्था करण्यांत आली. तेव्हां तो रंग स्पष्ट दिसत राहणें हें मालकाच्या हिताचें आहे.

बहुतेक कुटुंबांस आम्ही असें सुचवूं: वाळू लागते तेथें जेलकोट, ऊन लागते तेथें दोन डब्यांचा रंग. दोहोंची सरहद्द पाण्याच्या रेषेवर एका पट्ट्यानें झांकतां येते. जी होडी खाडींत नांगरून महिनोन्महिने पाण्यांतच राहते, तिची गोष्ट तिसरी. तिच्या तळास चकचकीत पॉलियुरेथेन देऊं नये. सतत बुडून राहिल्यानें त्यास फोड येतात. तेथें एपॉक्सीचें अस्तर व त्यावर शेवाळ व शिंपले न धरूं देणारा तांब्याचा रंग असा क्रम असतो. या रंगांत पूर्वीं कथिलाचें एक जहाल संयुग घालीत. फ्रान्समध्यें आर्काशोंच्या उपसागरांत त्यानें कालवांची पैदास बिघडली, म्हणून त्या देशानें १९८२ सालीं लहान नौकांवर त्याचा वापर बंद केला, व २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें त्यास जहाजांवर बंदी आहे. खाडींत कालवें वेंचणाऱ्या घरांस या बंदीचें मोल सांगावयास नको.

कृतींत जेथें बहुतेक कामें बिघडतात, ती जागा म्हणजे आरंभ. जुन्या होडीच्या अंगांत मेण, तेल व मासळीची चरबी मुरलेली असते. लोक थेट कांचकागद घेऊन बसतात. त्यायोगें मेण निघत नाहीं, ओरखड्यांत अधिकच चेपलें जातें. म्हणून आधीं साबणानें, मग द्रावकानें धुवावें: एका फडक्यानें द्रावक लावावा आणि तो सुकण्यापूर्वीं दुसऱ्या कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावा, आणि फडकीं वरचेवर बदलावीं. मग पाणी ओतून पहावें. पाणी चादरीसारखें पसरलें तर अंग स्वच्छ. थेंब थेंब होऊन घरंगळलें तर पुन्हां धुवावें. यानंतर घांसणें, लांबी भरणें, अस्तर देणें हीं कामें क्रमानें यावींत.

दोन डब्यांचा रंग हातानें लावण्यास दोन माणसें हवींत. एकानें स्पंजाच्या रोलरनें पातळ पट्टा ओढावा, दुसऱ्यानें लगेच मऊ कुंचल्याचें टोंक त्यावरून हलकेंच फिरवून बुडबुडे मोडावेत. दोघांनीं थांबूं नये, व मागें वळून सुधारणा करूं नये. सुधारणेचा मोहच डाग पाडतो.

ऋतूचा प्रश्न आमच्याकडे फार अडचणीचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलै महिन्यांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. होडी वर ओढलेली, हात रिकामे, आणि नारळी पौर्णिमा जवळ येत असलेली. रंगाचें काम त्याच वेळीं काढण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. परंतु हाच काळ सर्वांत वाईट! पॉलियुरेथेनच्या हार्डनरची पाण्याशीं क्रिया होऊन वायु सुटतो, त्यामुळें दमट हवेंत रंगावर बुडबुडे येतात व चमक मरते. होडीचें अंग दंवबिंदूपेक्षां निदान ३ अंश सेल्सियसनें उष्ण असावें, असा रंगाऱ्यांचा सर्वसाधारण नियम आहे. पावसाळ्यांत तो पाळणें जवळ जवळ अशक्य. तेव्हां बंदीच्या महिन्यांत छपराखालीं खरवडणें, भेगा दुरुस्त करणें, घांसणें हीं कामें उरकावींत, आणि शेवटचे हात शक्य तर थंडीच्या कोरड्या दिवसांवर ठेवावेत. त्या दिवसांतही सकाळचें दंव उडाल्यावर आरंभ करून दुपारपर्यंत हात आटोपावा, म्हणजे संध्याकाळचा ओलावा येण्यापूर्वीं रंग धरतो. चार दिवस होडी बंद ठेवणें म्हणजे चार दिवसांची मासळी बुडणें, हें आम्ही जाणतों. तरी पापुद्रे सुटलेला रंग पुन्हां काढण्यांत याहून अधिक दिवस बुडतात.

आतां जो भाग येतो तो पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. जेलकोट आळविण्यासाठीं जें कॅटॅलिस्ट घालतात, तें दिसण्यांत पाण्यासारखें असतें, परंतु डोळ्यांत त्याचा एक थेंबही गेला तर दृष्टि जाऊं शकते. तें पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींही काढून ठेवूं नये. हाताळतांना बंद चष्मा घालावा. आणि थेंब उडालाच तर त्याच क्षणीं डोळा वाहत्या पाण्याखालीं धरून निदान पंधरा मिनिटें धुवावा व तसेंच डॉक्टरांकडे जावें. बाजारांत राळेबरोबर कोबाल्ट नांवाचें जांभळें द्रव्यही मिळतें. कोबाल्ट व कॅटॅलिस्ट हीं एकमेकांत सरळ मिसळलीं तर भडका उडतो किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधीं राळेंत पूर्णपणें ढवळून घ्यावें, कॅटॅलिस्ट सर्वांच्या शेवटीं. बऱ्याच जेलकोटांत कोबाल्ट मुळांतच घातलेलें असतें. डब्यावर तसें लिहिलेलें आहे काय तें पहावें. कॅटॅलिस्टचें प्रमाण एक किलोस सुमारें १५ ते २० ग्रॅम. हवा गरम असली कीं माल भराभर आळतो, म्हणून कांहीं जण तें निम्म्यावर आणतात. तसा जेलकोट वरून घट्ट वाटला तरी आंतून कायमचा कच्चा राहतो. प्रमाण फार न उतरवितां माल थोडा थोडा कालवावा व सावलींत काम करावें, हा खरा मार्ग. उरलेला कालवलेला माल डब्यांत तसाच सोडूं नये. तो तापून धूर सोडूं लागतो.

दोन डब्यांच्या रंगाचा धोका दिसत नाहीं, म्हणून अधिक. त्याच्या हार्डनरांतील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्याचा विकार जडूं शकतो, आणि एकदां जडल्यावर अत्यल्प वासानेंही तो उसळतो. कागदी मुखपट्टी किंवा रुमाल याला मुळींच अडवीत नाहीं. फवाऱ्यानें असा रंग मारण्याचें काम बाहेरून शुद्ध हवा पुरविणारें साधन असलेल्या कारागिरावरच सोंपवावें. रोलरनें व कुंचल्यानें लावतांना धोका कमी असतो, तरी वाफा अडविणारा मुखवटा, हातमोजे व मोकळी हवा लागतेच. जेलकोटाच्या वाफा हवेपेक्षां जड असून पेट घेणाऱ्या असतात व होडीच्या तळांत सांचतात. तेथें बिडी, चूल, ठिणगी कांहीं नसावें. मुलांनीं धुण्यास, पाणी लावून घांसण्यास व घोटण्यास खुशाल हात लावावा. मिसळणें व फवारणें या वेळीं त्यांस दूर ठेवावें. तळाचा जुना तांब्याचा रंग कोरडा घांसूं नये व त्याची धूळ खाडींत जाऊं देऊं नये.

रंग हातास कोरडा लागला म्हणजे होडी तयार झाली असें नाहीं. दोन डब्यांच्या रंगास पूर्ण कठीण होण्यास साधारण एक आठवडा लागतो; तोंवर तिच्यावर दोर, जाळीं किंवा ओलीं गोणपाटें टाकूं नयेत. जेलकोटास वर्षांतून दोनदां मेण द्यावें. रंगास नुसतें गोडें पाणी व सौम्य साबण पुरे. घोटण्याचा खरखरीत लेप लावला तर पातळ थर निघून जातो. जेलकोटाचा डबा कांहीं महिन्यांतच आंतल्या आंत आळून निकामी होतो, म्हणून पुढल्या वर्षासाठीं सांठा करण्यांत अर्थ नाहीं. विकत घेतांना त्यावरची तारीख पहावी व लागेल तेवढाच घ्यावा. रंगाचे दोन्ही डबे मात्र झांकणें घट्ट लावून कोरड्या जागीं ठेवल्यास बरेच दिवस टिकतात. हार्डनरच्या डब्यांत ओलावा शिरून तो दाट किंवा गढूळ झालेला दिसला, तर तो टाकून द्यावा.